डोळ्याआधी खोबण : व्यक्तिचित्रासाठी चेहऱ्याच्या अवयवांचा सराव

शालेय वयात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या माणसाला तांब्या, पेला, वांगे आणि त्यांच्यामागे टाकलेली चुण्या पडलेली चादर बऱ्यापैकी काढता येते. परंतु घरातल्याच एखाद्या माणसाला समोर बसवून त्याचा चेहरा काढायला घेतला, की तोच हात अडखळतो. त्या परीक्षांत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांवर भर असतो आणि व्यक्तिचित्र हा स्वतंत्र विषय नसतो, हे त्याचे एक कारण झाले. खरी अडचण मात्र वेगळी आहे. तांब्या काढताना आपण समोरच्या तांब्याकडे पाहतो, पण डोळा काढताना लहानपणापासून मनात ठसलेले डोळ्याचे चिन्हच कागदावर उतरवतो : दोन कमानी, मध्ये एक वाटोळे आणि वर केरसुणीसारख्या पापण्या. नाकासाठी दोन ठिपके आणि जिवणीसाठी एक रेघ ही चिन्हेही अशीच तयार असतात. हात कितीही सफाईदार झाला तरी ही चिन्हे जोपर्यंत मोडत नाहीत तोपर्यंत काढलेला चेहरा कोणाचाच होत नाही.

ही चिन्हे मोडण्याचा मला सापडलेला सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे अवयवाच्या आधी त्याच्या आधाराचा अभ्यास करणे. डोळा शिकायचा असेल तर आधी खोबण आणि तिच्यात बसलेला गोल शिकावा. जिवणी शिकायची असेल तर ओठांमागची दातांची कमान शिकावी. नाक शिकायचे असेल तर त्याने गालावर आणि वरच्या ओठावर टाकलेली सावली शिकावी. पुढील सगळा सराव याच क्रमाने मांडला आहे.

साहित्य आणि बैठक

साहित्य थोडेच लागते. एचबी, २बी, ४बी आणि ६बी या चार पेन्सिली, कार्टरिज कागद, साधे खोडरबर, मळून हवा तो आकार देता येणारे पुट्टी रबर, चेहरा पूर्ण दिसेल एवढा आरसा आणि मान वळवता येणारा टेबललॅम्प एवढ्यावर काही महिने सहज काम चालते. पेन्सिल शार्पनरने न करता ब्लेडने तासावी आणि शिसे एक ते दीड सेंटीमीटर बाहेर काढावे, म्हणजे टोकाने बारीक रेषा आणि शिशाच्या कडेने रुंद छटा अशी दोन्ही कामे एकाच पेन्सिलीने होतात.

बैठकीकडे मात्र बहुतेक जण दुर्लक्ष करतात. कागद टेबलावर आडवा ठेवून काढलेला चेहरा उभा धरून पाहिला की लांबट दिसतो, कारण काढताना कागदाची वरची बाजू डोळ्यांपासून दूर असते आणि ती आपल्याला आखूड भासते. त्यामुळे बोर्ड मांडीवर ठेवून टेबलाच्या कडेला तिरका टेकवावा आणि कागद शक्यतो नजरेला समोरासमोर येईल असा धरावा. ही एक सवय लावली तरी प्रमाणाच्या निम्म्या तक्रारी कमी होतात, असा माझा अनुभव आहे.

प्रकाश एकच असावा. खोलीतली ट्यूबलाइट चालू ठेवून शिवाय लॅम्प लावला, तर नाकाला दोन सावल्या पडतात आणि शिकणारा गोंधळतो. दिवसा उत्तरेकडील खिडकी उत्तम, कारण तिच्यातून थेट ऊन क्वचितच येते आणि सावल्या तासाभरात फारशा सरकत नाहीत. रात्री लॅम्प चेहऱ्याच्या एका बाजूला, साधारण ४५ अंश वर आणि तेवढाच पुढे ठेवावा. अशा प्रकाशात खोबण, नाकाची खालची बाजू, वरचा ओठ आणि हनुवटीखालचा भाग आपोआप काळोखात जातो. घडण वाचायला याहून सोपी मांडणी नाही.

आधी जागा

अवयवांचा सराव सुटा केला तरी प्रत्येकाची जागा पहिल्या दिवसापासून ठाऊक असावी. प्रौढ माणसाचे डोके समोरून पाहिले असता माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या जवळजवळ बरोबर मध्यावर डोळ्यांची रेषा येते. नवशिके ती हमखास वर काढतात, कारण कपाळ आणि केसांच्या भागात पाहण्यासारखे काही नाही असे समजून मन तो भाग आखडून टाकते. केस जिथून सुरू होतात तिथून भुवईपर्यंत, भुवईपासून नाकाच्या तळापर्यंत आणि तिथून हनुवटीपर्यंत असे तीन भाग सर्वसाधारणपणे सारखे असतात. ओठांमधली फट नाकाचा तळ आणि हनुवटी यांच्यातील अंतराच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यावर येते. दोन डोळ्यांच्या मध्ये आणखी एक डोळा मावेल एवढी जागा असते आणि डोक्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांएवढी भरते.

ही मापे म्हणजे केवळ तपासायची पट्टी आहे. प्रत्यक्ष माणूस या पट्टीपासून कुठे ढळतो, यातच त्याचे साम्य दडलेले असते. एखाद्याचे नाक तिसऱ्या भागापेक्षा लांब असते, एखादीच्या डोळ्यांमधले अंतर डोळ्याहून थोडे जास्त असते, आणि नाकपुड्यांची रुंदी डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधील अंतराएवढी असते हा पुस्तकी नियम तर आपल्याकडच्या कितीतरी चेहऱ्यांना लागूच पडत नाही. म्हणून आधी नियमाप्रमाणे फिक्या रेषा घालाव्यात आणि मग पेन्सिल हात ताठ करून धरून, एक डोळा मिटून, समोरच्या चेहऱ्यावर प्रत्येक अंतर मोजावे. लहान मुलांच्या बाबतीत डोळ्यांची रेषा मध्याच्या बरीच खाली घ्यावी लागते, कारण त्यांची कवटी मोठी आणि जबडा लहान असतो. ही एक गोष्ट चुकली की बाळाचा चेहरा बुटक्या प्रौढासारखा दिसू लागतो.

उभ्या रेषा तपासण्यासाठी गवंड्याच्या ओळंब्याची युक्ती फार कामाची आहे. दोऱ्याला एखादी जड किल्ली बांधून तो समोर धरावा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून खाली सोडलेला दोरा नाकपुडीच्या कडेला लागतो, तिच्या आत जातो की बाहेर राहतो, आणि जिवणीचा कोपरा बाहुलीच्या सरळ खाली येतो की अलीकडे, हे एका नजरेत समजते.

डोळा

डोळ्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, आणि त्यातलाही पहिला वेळ डोळा न काढता घालवावा. प्रौढ माणसाचा नेत्रगोल साधारण २४ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि बुबुळ त्याच्या जवळजवळ निम्म्या रुंदीचे असते. आपल्याला दिसतो तो त्या गोलाचा पापण्यांच्या फटीतून उघडा पडलेला लहानसा भाग. त्यामुळे सरावाच्या पहिल्या दोन दिवशी मिटलेले डोळे काढावेत. दुपारच्या जेवणानंतर आडवे झालेले घरातले वडीलधारे माणूस यासाठी उत्तम, कारण ते हलत नाही आणि किती वेळ लागतो आहे असेही विचारत नाही. मिटलेल्या पापणीखालचा गोल, त्याच्या आणि भुवईच्या हाडाच्या मधली खाच आणि नाकाच्या बाजूला खोल होत जाणारी सावली एवढेच ४बी पेन्सिलीच्या कडेने मांडावे. पापणीचे केस काढू नयेत. हा गोल दिसू लागला की उघडा डोळा काढणे ही फक्त पुढची पायरी उरते.

उघडा डोळा काढताना कागदावर तो किमान चार ते पाच सेंटीमीटर रुंद घ्यावा. प्रथम आतला आणि बाहेरचा असे दोन कोपरे ठिपक्यांनी मांडून त्यांना जोडणारी रेषा किती तिरकी आहे ते पाहावे. बहुतेकांचा बाहेरचा कोपरा किंचित वर असतो, पण थकलेल्या किंवा वयस्क डोळ्यांत तो खालीही उतरतो. मग वरची पापणी एका गोलाकार फटकाऱ्यात न काढता तीन सरळ तुकड्यांत बसवावी. असे केले की वरच्या पापणीचा सर्वांत उंच बिंदू मध्यावर नसून नाकाच्या बाजूला झुकलेला आहे आणि खालच्या पापणीचा सर्वांत खोल बिंदू उलट बाहेरच्या बाजूला आहे, हे लक्षात येते. चिन्हासारख्या सममित बदामात आणि खऱ्या डोळ्यात मोठा फरक या तिरकेपणाचा आहे.

यानंतर पापणीची जाडी दाखवायची. पापणी म्हणजे कागदासारखा पातळ पडदा नसून तिला दीड-दोन मिलिमीटरची कड असते. खालच्या पापणीची कड वर तोंड करून असल्यामुळे तिच्यावर प्रकाश पडतो, म्हणून नेत्रगोल आणि खालचे केस यांच्यामध्ये एक बारीक उजळ पट्टी सोडावी. वरच्या पापणीची कड खाली तोंड करून असल्यामुळे काळोखात जाते आणि शिवाय नेत्रगोलावर सावली टाकते. ही सावली विसरली तर डोळा बाहेर चिकटवल्यासारखा दिसतो. याच कारणाने डोळ्याचा पांढरा भाग कधीही कोऱ्या कागदाइतका पांढरा ठेवू नये. पापणीखाली आणि दोन्ही कोपऱ्यांकडे तो चक्क राखाडी असतो. निखळ पांढरा कागद राखून ठेवायचा तो फक्त बुबुळावरच्या चमकेच्या ठिपक्यासाठी.

स्वस्थ नजरेत बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली झाकलेला असतो आणि खालची कड खालच्या पापणीला टेकते किंवा तिच्या अगदी जवळ येते. पूर्ण वाटोळे बुबुळ दिसले तर माणूस दचकल्यासारखा वाटतो. चमक प्रकाशाच्या बाजूला वर असते. तिच्या समोरच्या, म्हणजे खालच्या बाजूला बुबुळ जरा उजळ होते, कारण डोळ्याच्या पारदर्शक पडद्यातून आत शिरलेला प्रकाश तिथे पडतो. गडद तपकिरी डोळ्यांत हा फरक फार सूक्ष्म असतो, तरी तो दाखवला की डोळा ओला दिसतो. दोन्ही डोळ्यांतली चमक प्रकाशाच्या एकाच दिशेला असली पाहिजे, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

पापणीचे केस सर्वांत शेवटी काढावेत. ते एकेक करून मोजत न बसता दोन-तीन झुबक्यांत, आणि बाहेरच्या कोपऱ्याकडे थोडे दाट घ्यावेत. समोरून पाहताना ते आपल्याच दिशेने येत असल्यामुळे आखूड आणि जवळजवळ रेषेत विरलेले दिसतात. येथे गणपतीच्या मूर्तीची आठवण होते. पेणसारख्या ठिकाणी मूर्तिकार अखेरीस डोळ्यांची आखणी करतात, तेव्हा तिथे एका ठाम रेषेतच सगळे कौशल्य असते आणि ती रेष लांबून, मंडपातून दिसायची असते. त्या रेषेबद्दल पूर्ण आदर ठेवूनही सांगावेसे वाटते, की व्यक्तिचित्रात तीच रेष नेली तर माणसाची मूर्ती होते.

आठवडाभर एकेक डोळा काढून झाला की सुटा डोळा काढणे थांबवावे. वह्यांच्या मागच्या पानांवर मी कितीतरी वर्षे फक्त डावा डोळा काढत राहिलो. तो सुरेख जमू लागला आणि उजवा डोळा काढायची वेळ आली, की दोन वेगळ्या माणसांचे डोळे एका चेहऱ्यावर येत. तेव्हा दुसऱ्या आठवड्यापासून दोन्ही डोळे, मधला नाकाचा दांडा आणि दोन्ही भुवया असा पट्टाच काढावा, आणि दोन्ही डोळे एकाच वेळी, थोडे इथे थोडे तिथे असे पुढे न्यावेत. आरशात पाहून वर, खाली आणि बाजूला अशा नजरा काढाव्यात. खाली पाहताना वरची पापणी गोलावरून खाली उतरते आणि तिच्यावरची घडी जवळजवळ नाहीशी होते, हे आरशासमोर एकदा अनुभवले की विसरले जात नाही.

भुवईबद्दल एवढेच, की ती हाडाच्या कंगोऱ्यावरून वळणारी पट्टी आहे. नाकाकडचा भाग बऱ्याचदा सावलीत आणि बाहेरचा वळलेला भाग प्रकाशात असतो. त्यामुळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी काळी भुवई रंगवलेली वाटते. आतल्या टोकाचे केस उभे, मधले तिरके आणि बाहेरचे आडवे पडतात.

नाक

नाकाला रेषा जवळजवळ नसतेच, म्हणून ते अवघड वाटते. समोरून पाहिलेल्या नाकाला दोन्ही बाजूंनी रेघा मारल्या की चेहऱ्यावर नळी बसवल्यासारखे दिसते. नाक चार पृष्ठांचे आहे असे समजावे : समोरचा दांडा, दोन उतरत्या बाजू आणि खालचा तळ. काडेपेटी तिरकी कापल्यासारखा हा आकार आधी ठोकळ्यातच काढावा आणि प्रत्येक पृष्ठाला एकेकच सपाट छटा द्यावी. प्रकाश उजवीकडून वरून येत असेल, तर दांडा सर्वांत उजळ, उजवी बाजू त्याहून किंचित गडद, डावी बाजू सावलीत आणि तळ सर्वांत काळा अशी उतरंड लागते.

येथे शाडूच्या मातीचा उपयोग करून पाहावा, असा माझा आग्रह आहे. गणपतीच्या दिवसांत सहज मिळणारी ही माती तळहाताएवढी घेऊन तिचे एक नाक घडवावे. ते सुबक झाले नाही तरी चालेल. वाळल्यावर शाडू फिक्या राखाडी रंगाची होते, आणि तिच्यावर त्वचेचा रंग, तेलकटपणा, डाग यांपैकी काहीच नसल्यामुळे निखळ छायाप्रकाश वाचता येतो. कलाशाळांतून प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून सराव करून घेण्याची पद्धत याच कारणाने पडली. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचे डोळा, नाक, ओठ आणि कान असे सुटे प्लास्टरचे नमुने आजही सरावासाठी वापरले जातात. घरच्या मातीच्या नाकाचा आणखी एक फायदा म्हणजे ते हातात घेऊन लॅम्पखाली फिरवता येते. दर पंधरा-वीस अंशांनी वळवून एकाच कागदावर आठ लहान चित्रे काढावीत, प्रत्येकाला पाच मिनिटे. तिरक्या बाजूने दूरची नाकपुडी दांड्यामागे कशी लपते, हे या आठ चित्रांत जेवढे समजते तेवढे छायाचित्रे पाहून समजत नाही.

ठोकळा जमल्यावर मऊपणा आणावा. नाकाचा वरचा भाग हाडाचा आणि खालचा कूर्चेचा असतो, आणि जिथे हाड संपते तिथे बऱ्याच नाकांवर लहानसा उंचवटा किंवा रुंदी जाणवते. दांड्यावरचा उजेड तिथे एकदा तुटतो आणि शेंड्याच्या गोलावर पुन्हा चमकतो. ही तुटलेली चमक दाखवली की नाक रबरी दिसत नाही. नाकपुडीचे छिद्र म्हणजे काळा ठिपका नव्हे. त्याची वरची कड स्पष्ट असते आणि खालची कड ओठावरच्या त्वचेत हळूहळू मिसळते, म्हणून वर ४बी दाबून खाली ती मोकळी सोडावी. छिद्रांपेक्षा नाकाच्या तळाची आणि त्याने वरच्या ओठावर टाकलेली सावली अधिक महत्त्वाची आहे, कारण नाक चेहऱ्यापासून किती पुढे आले आहे ते ती सावलीच सांगते.

नथ काढायची असेल तर नाकपुडी आधी पूर्ण करावी आणि नथ तिच्यावर घालावी. नथ आधी काढून उरलेल्या जागेत नाकपुडी बसवली, की नथ हवेत लटकते. चष्म्याचेही तसेच आहे : काचांच्या चौकटी आधी न काढता डोळे आणि नाकाचा दांडा पुरते झाल्यावर, चौकट चेहऱ्याभोवती वळते आहे हे लक्षात ठेवून ती फिक्या रेषेत घ्यावी.

जिवणी

ओठ सपाट चेहऱ्यावर नसतात. ते दातांच्या अर्धवर्तुळाकार कमानीवर ताणलेले असतात. हे पटण्यासाठी कागदाच्या पट्टीवर ओठ काढून ती पट्टी स्टीलच्या पेल्याभोवती गुंडाळावी आणि पेला डोळ्यांच्या वर, समोर आणि खाली धरून पाहावा. वर धरल्यावर ओठांमधली रेषा धनुष्यासारखी वर वाकते, खाली धरल्यावर तीच खाली झोळते, आणि पेला वळवला की दूरचा अर्धा भाग एकदम आखूड होतो. तिरक्या चेहऱ्यात दूरचा अर्धा ओठ जवळच्याएवढाच लांब काढणे ही मला सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक आहे.

सुरुवात ओठांच्या बाह्यरेषेने कधीही करू नये. आधी मधली फट काढावी. ती सरळ नसते : वरच्या ओठाच्या मधल्या उंचवट्याखाली ती किंचित खाली दबते, दोन्ही बाजूंना वर उठते आणि कोपऱ्याकडे पुन्हा उतरते. सर्वत्र ती सारखी काळीही नसते. कोपरे आणि मधला दाब एवढ्याच ठिकाणी ४बीचा जोर द्यावा, बाकी ठिकाणी ती हलकी राहू द्यावी. मग वरचा ओठ तीन फुगीर भागांचा आणि खालचा दोन भागांचा समजून छटा घालावी. वरून येणाऱ्या प्रकाशात वरचा ओठ खाली कललेला असल्यामुळे गडद, तर खालचा वर कललेला असल्यामुळे उजळ दिसतो. खालच्या ओठाची खालची कड बहुतेक वेळा काढावीच लागत नाही. त्याच्या आणि हनुवटीच्या मधल्या खाचेतली सावली घातली की ओठ आपोआप पुढे येतो.

सावळ्या किंवा गव्हाळ चेहऱ्यात एक गोष्ट जपावी लागते. तेथे ओठांचा मूळ रंगच त्वचेपेक्षा गडद असतो, आणि कधी वरचा ओठ खालच्यापेक्षा निसर्गतःच काळसर असतो. हा रंगाचा काळेपणा आणि प्रकाश न पोहोचल्यामुळे आलेला काळेपणा यांची गल्लत झाली की खालचा ओठ खोल गेल्यासारखा दिसतो. डोळे बारीक करून पाहावे. रंगातले बारकावे विरतात आणि प्रकाशाच्या मोठ्या छटाच शिल्लक राहतात.

नाकाचा तळ आणि वरचा ओठ यांच्यामधली पन्हळ, तिच्या दोन्ही कडा आणि त्या भागाची उंची नीट मोजून घ्यावी. हसरा चेहरा सुरुवातीला टाळलेला बरा. तो काढायचाच असेल तर वरच्या दातांची एकच उजळ पट्टी घ्यावी, दातांमध्ये उभ्या रेघा मारू नयेत, आणि जिवणीच्या कोपऱ्यात उरणारी काळोखी जागा विसरू नये. एकेक दात वेगळा काढला की माणूस हसण्याऐवजी दात विचकल्यासारखा दिसतो. मिशी असेल तर तिच्याखालचा ओठ आधी मनात पूर्ण करून मगच मिशीचा ढीग त्या वळणावर बसवावा.

कान

कानावर फार दिवस घालवू नयेत. तो साधारण भुवईची रेषा आणि नाकाचा तळ यांच्यामध्ये बसतो, वरून मागे कललेला असतो, आणि बाजूने पाहिल्यास डोक्याच्या मध्याच्या मागे येतो. बाहेरची कड प्रश्नचिन्हासारखी, तिच्या आतली घडी बेचकीसारखी दुभंगलेली, मध्ये वाटी आणि खाली पाळी, एवढे चार भाग ओळखले की कोणताही कान जमतो. वाटीतली सावली हा कानातला सर्वांत गडद भाग. बाकी सगळे हलके ठेवावे, कारण फार तपशिलाने काढलेला कान पाहणाऱ्याची नजर डोळ्यांवरून खेचून घेतो. कानाचा खरा उपयोग डोक्याचा कल ओळखण्यासाठी आहे. माणसाने मान खाली घातली की डोळे-नाकाच्या मानाने कान वर सरकलेले दिसतात, मान वर केली की खाली येतात.

अवयव चेहऱ्यात बसवणे

तिसऱ्या आठवड्यापासून तिरक्या चेहऱ्यावर यावे. मध्यरेषा हरवू नये म्हणून कपाळाचा मध्य, नाकाचे मूळ, पन्हळ आणि हनुवटीचा मध्य यांतून जाणारी एक वळणदार रेषा आधी घालावी. समोर कुंकू लावलेली आई, मावशी किंवा आजी बसली असेल तर काम सोपे होते, कारण कुंकवाचा ठिपका ही मध्यरेषेवरची तयार खूण असते. त्या ठिपक्यापासून दोन्ही कानशिलांपर्यंतची अंतरे मोजली की दूरची बाजू किती आखूड झाली आहे ते लगेच कळते. दूरचा डोळा केवळ अरुंद होत नाही. नाकाचा दांडा त्याचा आतला कोपरा झाकू लागतो आणि बाहेरचा कोपरा जवळजवळ चेहऱ्याच्या कडेला लागतो.

माणूस मिळत नसेल तर छायाचित्र चालेल, पण मोबाइलवरचा स्वतः हात लांब करून काढलेला फोटो नको. एवढ्या जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान लहान, मागे गेलेले दिसतात. पाच-सहा फुटांवर उभे राहून, थोडे झूम करून, फ्लॅश न वापरता आणि एकाच खिडकीच्या उजेडात फोटो घ्यावा. फ्लॅश समोरून सगळ्या सावल्या पुसून टाकतो, आणि आतापर्यंत जे शिकायचे म्हटले ते सगळे त्या सावल्यांतच आहे.

वेळेची वाटणी करायची तर रोज चाळीस मिनिटे पुरेत. पहिली दहा मिनिटे एकेका मिनिटाची जागांची चित्रे, ज्यांत एकही अवयव पूर्ण करायचा नाही. मग वीस मिनिटे त्या आठवड्याचा अवयव. उरलेल्या दहा मिनिटांत कालचे चित्र न पाहता स्मरणाने पुन्हा काढणे. शेवटचा भाग कंटाळवाणा आहे हे खरे, परंतु इंटरमिजिएटच्या स्मरणचित्राचा सराव इथे अनपेक्षितपणे कामी येतो. काय पाहिले आणि काय केवळ नकलले, हे स्मरणाने काढतानाच उघडे पडते. छटा बोटाने घासून एकजीव करण्याचा मोह मात्र पहिल्या महिन्यात तरी टाळावा. बोटाच्या तेलाने कागद चिकट होतो, पृष्ठांच्या कडा विरतात आणि सगळा चेहरा साबणासारखा गुळगुळीत होतो.

आठवड्यातून एकदा मूळ चित्रांसमोर वही घेऊन उभे राहता आले तर उत्तम. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकर यांनी रंगवलेली बालगंधर्वांची पुरुषरूपातील आणि स्त्रीभूमिकेतील चित्रे आहेत. एकाच माणसाच्या चेहऱ्यात कोणते अंतर तसेच राहिले आणि भुवई, पापणी, जिवणीचा कोपरा यांपैकी काय बदलले, याची टिपणे काढण्यासाठी याहून चांगली जोडी मला माहीत नाही. गोव्यातील वाचकांना पणजीत फुंदासाओ ओरिएंते या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत आंतोनियो झेवियर त्रिनदाद यांची चित्रे पाहता येतील. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये अध्यापन केलेल्या या चित्रकाराने सावलीतला गाल आणि सावलीतला डोळा किती थोड्या तपशिलात सोडला आहे, ते जवळून पाहावे. आणि म्हैसूरला जाणे झालेच तर जगनमोहन राजवाड्यात सावळाराम हळदणकरांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे प्रसिद्ध जलरंगचित्र आहे. तिथे प्रकाश खालून येतो. नाकाचा तळ, वरचा ओठ आणि हनुवटीखालचा भाग उजळतो आणि आपण महिनाभर घोकलेली उतरंड उलटी होते. घरी परतल्यावर लॅम्प छातीच्या उंचीवर ठेवून आरशात स्वतःचे नाक आणि ओठ याच प्रकाशात एकदा काढावेत.

चूक शोधण्यासाठी चित्र उलटे धरावे किंवा आरशात पाहावे. डोळ्याला झालेली सवय मोडते आणि वाकडा डोळा, सरकलेली जिवणी चटकन दिसते. चार आठवड्यांनी पहिल्या दिवशी बसवलेल्या माणसालाच त्याच खुर्चीत, त्याच लॅम्पखाली पुन्हा बसवावे आणि पूर्ण चेहरा काढावा. सगळे अवयव सुबक जमले आणि तरीही तो माणूस वाटत नसेल, तर डोळ्यांना हात लावण्याआधी तीन मापे पुन्हा घ्यावीत : नाकाच्या तळापासून वरच्या ओठापर्यंतचे अंतर, भुवई आणि पापणी यांमधली जागा, आणि खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंतची उंची. साम्य बहुधा या तीनपैकी एका मोकळ्या जागेत दोन-तीन मिलिमीटरने हुकलेले असते.